ओवीचा गुडघा आणि अभिस्तर ऊती

मानसी (ए-२०३): नमस्कार मंडळी. ओवीची उद्या नववीची विज्ञानाची चाचणी आहे. अभिस्तर ऊतींचे, म्हणजे शरीराला आतून-बाहेरून आच्छादणाऱ्या पेशींच्या थरांचे, प्रकार पाठ करून करून रडकुंडीला आलीये. बी विंगच्या काकू, दहा मिनिटं मिळतील का?

सुलभाकाकू (बी-१०४): अगं, पाठांतर राहू दे. काल पार्किंगमध्ये सायकलवरून पडली ना? आधी गुडघा कसा दिसतोय ते सांग.

मानसी (ए-२०३): कडेला नुसती सालटी निघालीयेत, तिथून काल पाण्यासारखं येत होतं. मधे मात्र रक्त आलं. आता खपली धरतेय.

सुलभाकाकू (बी-१०४): अर्धा धडा तिथेच आहे बघ. अभिस्तर ऊतीत रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण खालून झिरपत येतं. कडेला फक्त तीच सोलली, म्हणून रक्त नाही. मधे खालच्या थरापर्यंत गेलं, तिथे आलं. ही वरची, सोललेली ती स्तरित पट्टकी ऊती. पेशींचे थरावर थर, अगदी वरच्या पेशी चपट्या. जिथे सतत घासलं जातं तिथे हीच, तोंडात आणि अन्ननलिकेतसुद्धा.

गिरीश (सी-५०२): काकू, मग फुप्फुसात एकच थर कसा?

सुलभाकाकू (बी-१०४): तिथे प्राणवायू झटकन पलीकडे रक्तात जायला हवा ना. म्हणून वायुकोशांना, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांना, चपट्या पेशींचा एकच पातळ थर, ती सरल पट्टकी. सगळे वायुकोश उलगडून अंथरले तर साधारण ७० चौरस मीटर भरतील. म्हणजे साडेसातशे चौरस फूट कार्पेट!

गिरीश (सी-५०२): बाप रे, आमचा अख्खा फ्लॅट!

मानसी (ए-२०३): ओवी विचारतेय, घनाभ पेशी कशाला हव्यात?

सुलभाकाकू (बी-१०४): शाब्बास, हाच प्रश्न मला वर्गात आवडायचा. मूत्रपिंडात दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळला जातो आणि लघवी होते दीडेक लिटर. बाकीचं सगळं नलिकांच्या पेशी परत ओढून घेतात. ही हमाली चपट्या पेशीला झेपायची नाही. तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, मावायला पेशीत जागा लागते, म्हणून ती ठोकळ्यासारखी, घनाभ. आतड्यातल्या पेशी त्याहून उंच, खांबासारख्या, म्हणून स्तंभीय. त्या अन्नरस शोषतात. श्वासनलिकेत पेशींवर बारीक केस असतात, ते धूळ आणि कफ वर घशाकडे ढकलत राहतात. सिगारेटच्या धुराने हेच केस लुळे पडतात. जिन्यात ओढणाऱ्यांनी कृपा करून हे वाचा, कळकळीने सांगतेय.

मानसी (ए-२०३): काकू, ती आता स्वतःच आकृत्या काढायला बसली! शेवटचं विचारतेय, खपली खाजतेय, काढू का?

सुलभाकाकू (बी-१०४): अजिबात नाही! खपलीखाली कडेच्या पेशी सरकत सरकत मधे येतायत. त्या एकमेकींना भिडल्या की खपली आपोआप गळेल.