धान्य आहे, तरी दुष्काळात पोचत का नाही?

प्रश्न : देणगीदार असतात, गोदामं भरलेली असतात, तरी मदत अडकते. सरकारी धोरण नेमकं कुठे आडवं येतं?

उत्तर १ : बहुतेक वेळा परवानगीत. सुदान बघा. फेब्रुवारी २०२४मध्ये तिथल्या लष्करी सरकारने चाडच्या सीमेवरचा अद्रे नाका मदतीसाठी बंद केला. त्या वाटेने शत्रूला शस्त्रं येतात, हे कारण. पश्चिम सुदानातल्या दारफुरला जायचा सोपा रस्ता तोच. टिने या दुसऱ्या नाक्याची पर्यायी वाट पावसाळ्यात बंद पडते. ऑगस्टच्या मध्यावर नाका उघडला, तोवर दारफुरमधल्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ घोषित झाला होता.

उत्तर २ : मदत देणाऱ्या देशांचे कायदेही तितकेच जबाबदार. २०११च्या दुष्काळात दक्षिण सोमालियाचा बहुतेक भाग अल-शबाब या सशस्त्र इस्लामी गटाच्या ताब्यात होता. त्यांनी अनेक संस्थांना बंदी घातली, आणि दुसरीकडे अमेरिकी दहशतवादविरोधी कायद्यात खटला होईल या धास्तीने संस्थांनी हात आखडता घेतला. त्या दुष्काळात सुमारे अडीच लाख माणसं गेली, निम्मी पाच वर्षांखालची मुलं. डिसेंबर २०२२च्या सुरक्षा परिषदेच्या २६६४ क्रमांकाच्या ठरावाने मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधांतून मदतकार्याला सूट दिली. पण बँका अजूनही पैसे पाठवायला कचरतात.

उत्तर ३ : दुष्काळाच्या घोषणेची वाट पाहणं सर्वांत घातक. ती करण्याचे आंतरराष्ट्रीय निकष असे : २० टक्के कुटुंबांकडे जवळपास अन्नच नाही, ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित, दर दहा हजारांत रोज दोन मृत्यू. म्हणजे घोषणा होते तेव्हा मरण सुरू झालेलं असतं. कुपोषित मुलांच्या उपचाराच्या शेंगदाणा-पेस्टचं पाकीट ९२ ग्रॅमचं, खोक्यात १५०. एका मुलाच्या सहा-आठ आठवड्यांच्या उपचाराला साधारण एक खोकं लागतं. ट्रक नाक्यावर महिनाभर थांबला, तर उपचार मध्येच तुटतो.