रद्दीत सापडल्या आधारच्या झेरॉक्स: तुमचे अनुभव सांगा

चाफा_गिरगाव:
काल सोसायटीच्या ऑफिसची साफसफाई होती. रद्दीवाल्याच्या काट्यावर एक जाड फाइल दिसली. उघडली तर आत आधारच्या झेरॉक्स. भाडेकरू, ड्रायव्हर, कामाला येणाऱ्या बायका, सगळ्यांच्या. फोटो, जन्मतारीख, पत्ता, बारा आकडे. तिसऱ्याच पानावर आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी! फाइल उचलून घरी आणली.

आणि २०११ आठवलं. महापालिकेच्या शाळेत कॅम्प होता, आईला घेऊन गेले होते. दहा बोटं, दोन्ही डोळे. मशीनवरचा मुलगा सारखा म्हणायचा, "आजी, जोरात दाबा." जन्मभर पापड लाटलेली बोटं ती, रेषा उरल्या होत्या कुठे? ओल्या फडक्याने पुसून पुन्हा पुन्हा दाबली, लाल झाली. घरी येताना म्हणाली, "सगळं घेतलं गं, पण ठेवणार कुठे ते नाही सांगितलं." मी तिला गप्प केलं होतं. आज ती नाही. काल रात्रभर तेच वाक्य डोक्यात होतं. तुमच्याकडे काय झालं, लिहा.

बोंबील_वरळी:
बोटांचं नका काढू. आमची आत्या चाळीस वर्षं बर्फात हात घालून मासळी विकते. रेशनच्या मशीनवर अंगठा लागतच नाही. दोनदा रिकामी पिशवी घेऊन परत आली. आता कार्डावर नाव असलेला माझा भाऊ अंगठा लावतो तेव्हा तांदूळ मिळतात. तो गावाला गेला की हिचा जीव टांगणीला.

परळची_सून:
चाफाताई, ठाकूरद्वारच्या बाजूची शाळा का? आमचं पण तिथेच झालं, पहाटेपासून रांग!

चाफा_गिरगाव:
हो गं तीच! समोर उसाचा रस.

परळची_सून:
अजून आहे तो रसवाला. कुकर लावलाय, येते नंतर.

काळा_कोट:
झेरॉक्स मागणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. २६ सप्टेंबर २०१८, सर्वोच्च न्यायालय, चार विरुद्ध एक. आधार कायदा टिकला, पॅनची जोडणी राहिली, पण बँक खातं, सिम कार्ड, शाळाप्रवेश यांसाठी सक्ती नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बँका आणि मोबाइल कंपन्या घेऊ शकतात, तेही आपण राजीखुशीने दिलं तर. न्या. चंद्रचूड यांनी एकट्याने पूर्ण कायदा घटनाबाह्य ठरवला होता, ते निकालपत्र जरूर वाचा. त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. याचिका करणारे पुट्टस्वामी स्वतः निवृत्त न्यायमूर्ती, याचिका केली तेव्हाच वयाची ऐंशी ओलांडलेले. त्या माणसाचे आपल्यावर उपकार आहेत.

भाड्याचं_घर:
वकीलसाहेब, हे सेक्रेटरीला कोण सांगणार? नाही म्हटलं तर चावी मिळत नाही. चार वर्षांत तीन घरं बदलली. दलाल, मालक, सोसायटी, गॅस... मोजलं तर अकरा झेरॉक्स. त्या आता कुठल्या पुडीत आहेत देव जाणे.

मोगरा७२:
पुडीवरून आठवलं, दादरला कबूतरखान्याजवळ चणे चांगले कोण देतं?

सह्याद्री_मामा:
माझ्या भावाचं वाचा. गावी जमिनीच्या खरेदीखतावर अंगठे दिले होते. काही महिन्यांनी बँकेतून तीनदा पैसे गेले. ओटीपी नाही, फोन नाही. ठशाची नक्कल करून आधारवरून पैसे काढणाऱ्या मशीनवर लावली, असं पोलीस म्हणाले. पासवर्ड फुटला तर बदलतो. अंगठा कसा बदलायचा? भाऊ अजून झोपत नाही नीट.

बोंबील_वरळी:
अरे देवा. मामा, पैसे मिळाले का परत?

सह्याद्री_मामा:
थोडे. तक्रार चालू आहे.

कॉटनग्रीन:
मला थोडं वेगळं सांगायचंय. माझ्या आईकडे जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही. लग्नानंतर प्रत्येक कागदावर आधी बाबांचं नाव. आधार आलं तेव्हा तिने ते पदराने पुसून देवाजवळ ठेवलं. पहिलं कार्ड आपल्याच नंदुरबारच्या टेंभली गावात २०१० मध्ये दिलं होतं, तिथल्या बायकांनाही असंच वाटलं असेल. कार्ड नको असं मी म्हणणार नाही. पण तिचा तो मान कोणाच्या गठ्ठ्यात पडून राहू नये.

चाफा_गिरगाव:
कॉटनग्रीन, डोळ्यांत पाणी आणलंत.

टेक्निकल_दादा:
सगळ्यांनी आजच करा. आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (UIDAI) साइटवरून मास्क्ड आधार उतरवा, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, मग ठसा चोरला तरी चालत नाही. रेशन, पेन्शन असेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडायचं. मामा, भावाचं आधी करा. अडलं तर मला मेसेज टाका, रात्री दहानंतर मोकळा असतो.

परळची_सून:
आले. कुकर झाला. बायकांना हे कोण करून देणार दादा? आमच्या मावशींचा नंबर मुलाच्या जुन्या सिमला जोडलेला, ते सिम बंद.

टेक्निकल_दादा:
मग आधी केंद्रावर जाऊन नंबर बदलायला लागेल. नाहीतर ओटीपीच येणार नाही.

चाफा_गिरगाव:
आज सकाळी मावशींना त्यांचं पान दिलं. बराच वेळ फोटोकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "बाकीच्या बायकांची पण द्या, मी पोचवते." एकोणीसपैकी सतरा पानं गेली. दोन उरलीत, एका ड्रायव्हरदादाचं आणि तिसऱ्या मजल्यावरून सोडून गेलेल्या एका मुलीचं. त्या मुलीचा नवा पत्ता वॉचमनला विचारलाय.