महापालिकेच्या कारभारात सर्वांना स्थान कसे मिळते?

पंचवटीकर: आमच्या प्रभागात दिव्यांग ज्येष्ठ, घरकाम करणाऱ्या स्त्रिया आणि गोदाकाठी पूजासाहित्य विकणारे फेरीवाले राहतात. या सर्वांना नाशिक महापालिकेच्या कारभारात कायद्याने कोणते हक्क आहेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सातपूरकर: स्त्रियांना सभागृहात निम्म्या जागा राखीव आहेत, हे आपण जाणताच. फेरीवाल्यांबाबत मात्र सविस्तर लिहितो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली नगर पथविक्रेता समिती असते आणि तिच्यातील किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावे लागतात. त्यांतही एक-तृतीयांश स्त्रिया हव्यात. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही, ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण मेनरोडवर टोपली घेऊन बसणाऱ्या बाईची चूल त्या टोपलीवरच पेटते.

सिडकोवासी: दिव्यांगांसाठी महापालिकेने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के निधी राखायचा असतो. पण निधी राखला म्हणजे काम झाले, असे मुळीच नाही. पायऱ्यांऐवजी चाकाच्या खुर्चीसाठी बांधलेल्या उताराचे (रॅम्पचे) प्रमाण १:१२ असावे लागते, म्हणजे सहा इंच पायरीसाठी उतार सहा फूट लांब हवा. तो आखूड केला, तर चाकाची खुर्ची एकट्याने वर नेता येत नाही. आपल्या भागातील उतार टेपने मोजा आणि मापांसह विभागीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

पंचवटीकर: मनःपूर्वक आभार. शेजारच्या आजोबांना सोबत घेऊनच मोजमाप करतो.