थर्मल (तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी गरम हवा) आणि डोंगरउतार, दोन्हींना एकच रिमोटवरचं ग्लायडर चालेल का?

मखमलाबादकर: ट्रान्समीटर (हातातला रिमोट) आहे, बजेट पंधरा हजार. २ मीटरचं मोटरवालं फोम ग्लायडर बघतोय. उन्हाळ्यात थर्मल, पावसाळी वाऱ्यात डोंगर, म्हणजे उताराला धडकून वर चढणारा वारा. जमेल?

घारवाला: भाऊ, हाच लोभ मला नडला. माझं २ मीटरचं, फक्त रडर-एलिव्हेटर, म्हणजे शेपटीवरच्या डावी-उजवी आणि वर-खाली वळवणाऱ्या पट्ट्या. एप्रिलमध्ये नांगरलेल्या रानावर घारी घिरट्या घालत होत्या, त्यांच्या खाली नेलं, मोटर बंद केली. चाळीस मिनिटं खाली यायचं नावच नाही! तेच जूनमध्ये नाशिकच्या म्हसरूळकडच्या उतारावर सोडलं, तर जोराच्या वाऱ्यापुढे हलकं पडलं. आधी जागच्या जागी तरंगलं, मग मागेमागे सरकत माथ्यापलीकडच्या भोवऱ्यात गेलं आणि थेट बाभळीत. काटे काढताना पंखापेक्षा माझे हातच जास्त फाटले. तू आधी थर्मलचंच घे. डोंगरासाठी नंतर ईपीपीचं (लवचिक फोमचं) छोटं फ्लाइंग विंग, म्हणजे शेपटी नसलेलं, नुसत्या पंखाचं विमान. आपटलं तरी उसळतं.

मखमलाबादकर: एलेरॉनवालं (पंखांवर वळवायच्या पट्ट्या असलेलं) घेऊन वजन वाढवलं तर?

घारवाला: वाऱ्यात पुढे घुसेल, पण उतरायचा वेगही वाढेल. वजन गुरुत्वमध्यावरच (जिथे विमान तोललं जातं तिथे) ठेव, शेपटीकडे नको.

सिडकोवाला: ओझर विमानतळ आणि देवळालीचा लष्करी भाग टाळा. आधी डिजिटल स्कायचा, म्हणजे कुठे उडवायला मनाई आहे ते दाखवणारा सरकारी नकाशा बघा.