जास्त पक्षी म्हणजे जास्त विविधता नव्हे

नवी मुंबईतल्या नेरूळच्या एका कॉलेज आवारातल्या पक्षी-मोजणीबद्दल कुणीतरी लिहिलंय, की हिरवळीवर सर्वात जास्त पक्षी, म्हणून विविधताही (म्हणजे वेगवेगळ्या जातीही) तिथेच जास्त. इथे जरा गल्लत होतेय. हिरवळीवर गर्दी साळुंक्या, कावळे आणि गायबगळ्यांची. डोकी भरपूर, जाती मोजक्या. कुंपणालगतच्या झुडपातले शिंपी, वटवट्या हे छोटे पक्षी दिसतात कमी, ऐकू जास्त येतात. तिथे कान देऊन दहा मिनिटं गप्प उभं राहावं लागतं. खाडीकाठच्या पट्ट्यात तर भरती-ओहोटीची वेळ नोंदवलीच पाहिजे: ओहोटीला उघड्या चिखलात तुतवार, शेकाटे हे पाणथळीतले पक्षी चरतात, भरतीला तोच चिखल पाण्याखाली. आणि मोजताना प्रत्येक अधिवासाला (हिरवळ, झुडपं, खाडीकाठ) सारखा वेळ द्या, नाहीतर जिथे जास्त रेंगाळलात (बहुधा कँटीनजवळ!) तिथलीच यादी लांबणार.