पुंगळी अडकली की लगेच कानस?

खटका: “पॉइंट टू-टू रायफलची पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच) निघत नाही? ती ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या नखाला दोन हात कानस मारा, काम फत्ते.” कालचा हा सल्ला, आणि वर वाहवा! अरे, आधी पुंगळीच्या बुडाची कड तरी बघा. कडेवर ओरबाडा असेल तर नख धरतंय, पुंगळीच चेंबरात, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या घरात, चिकटलीय. कड कोरी असेल तर नख सुटतंय. मॅगझिन काढा, चेंबर रिकामं आहे हे नजरेने आणि बोटाने तपासा, बोल्ट (नख असलेला, चेंबर बंद करणारा सरकता भाग) बाहेर घ्या, रिकामी पुंगळी नखाखाली सरकवा. हलकेच हलवल्यावर गळाली तर नखामागे मेण-काजळी दाटलीय नाहीतर स्प्रिंग मेलीय. टाचणीने खरवडा, तरी गळाली तर स्प्रिंग बदला.

नेमका: सल्ला माझाच होता. नख झिजून गोल झालं असेल तर काय आरती ओवाळायची?

खटका: नवं बसवा. फार तर आतल्या धारेला बारीक दगडाचे दोन घासे. कानस नाही.

नेमका: म्हणजे घासायचंच. आभारी आहे.

तिरपा डोळा: दोघेही चुकताय. निम्मी दुखणी ड्राय फायरची, म्हणजे रिकाम्या रायफलीचा चाप ओढण्याची. पॉइंट टू-टू रिमफायर आहे, म्हणजे पिन काडतुसाच्या बुडाच्या कडेवर मारते. काडतूस नसलं की थेट चेंबरच्या तोंडावर आदळते. तिथला धातू आत उचलला जातो आणि प्रत्येक पुंगळीवर त्याच जागी उभा ओरखडा येतो.

नेमका: हल्लीच्या रायफलींत पिन आधीच थांबते.

तिरपा डोळा: सगळ्या? पुस्तिकेत तसं छापलं असेल तरच खटखटवा, नाहीतर डमी काडतूस घाला. आणि तो उंचवटा घासून काढू नका! धातू गेला की कडेला आधार राहत नाही, बार फुसका जातो किंवा कडच फुटते. चेंबर आयर्न नावाच्या निमुळत्या पोलादी दांड्याने धातू मागे दाबायचा.

नेमका: सोडा ते, माझ्या पुंगळ्यांवर ओरखडा नाही. कडेवर ओरबाडा मात्र आहे.

खटका: मग कानस कशाला काढली होतीत, महाराज? चेंबर साफ करा. लाँग रायफल या लांब काडतुसाच्या चेंबरात शॉर्ट, म्हणजे आखूड काडतुसं, मारली असतील तर त्यांच्या तोंडापुढे काजळीचं कडं धरतं आणि लांब पुंगळी त्यातच आवळते. काजळी सोडवणारं सॉल्व्हंट लावून दहा मिनिटं थांबा, मग मागच्या बाजूने ब्राँझचा ब्रश घालून फिरवा. नळीचा नको, तो तिथे सैल पडतो, चेंबरचा घ्या. शेवटी कोरडं फडकं. तेल राहता कामा नये.

नेमका: शॉर्ट मारली होती. बरं, कानस ठेवली. दगड मात्र ठेवणार नाही.