मदत हवी आहे: 'कॉन्शिएन्शस ऑब्जेक्टर'ला मराठीत काय म्हणायचं?

दिवाळी अंकासाठी पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश क्वेकर लोकांवर (हिंसा आणि युद्ध नाकारणारा ख्रिस्ती पंथ) लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी गाडं अडलंय. १९१६ मध्ये सक्तीची सैन्यभरती आली तेव्हा ज्यांची सदसद्विवेकबुद्धी शस्त्र उचलू देत नव्हती त्यांना, म्हणजे या कॉन्शिएन्शस ऑब्जेक्टरना, सूट मागायची सोय कायद्यातच होती, पण क्वेकर आहे म्हणून आपोआप सूट नव्हती, प्रत्येकाला ट्रायब्युनलपुढे, म्हणजे सुटीचे अर्ज तपासणाऱ्या मंडळापुढे, उभं राहावं लागायचं, आणि तिथे ठरलेला प्रश्न, जर्मन सैनिक तुझ्या बहिणीवर चालून आला तर काय करशील? (काय उत्तर द्यायचं माणसाने!)

'सदसद्विवेकी आक्षेपक' करून पाहिलं, सरकारी परिपत्रक वाटतं. 'युद्धविरोधक' चुकीचं, कारण युद्धाला विरोध असूनही भरती झालेले होतेच की. 'सत्याग्रही' जवळचा वाटतो पण वाचकाला थेट १९४० चे विनोबा आठवणार, आणि आपल्याकडे तेव्हा सक्तीची भरती नव्हतीच. 'मनोदेवता' वापरून काही जमेना.

शिवाय यांच्यातही प्रकार. काही जण क्वेकरांच्या 'फ्रेंड्स ॲम्ब्युलन्स युनिट'मध्ये जाऊन जखमींना उचलायचे, काही म्हणायचे युद्धाला मदत होईल असं कुठलंच काम करणार नाही, मग तुरुंग. १९१६ च्या जूनमध्ये फ्रान्सला नेलेल्या पस्तीस जणांना (सगळे क्वेकर नव्हते) तर मृत्युदंड सुनावला, नंतर दहा वर्षं सक्तमजुरी केली.

संपादकांना कंसात स्पष्टीकरण नकोय, तळटीपही नको, आणि शब्द शीर्षकात बसायला हवा. तर या सगळ्यांना मिळून एक शब्द, आणि 'काहीच करणार नाही'वाल्यांना वेगळा, असे दोन सुचतील का कुणाला? की सरळ इंग्रजी शब्दच देवनागरीत ठेवू?